कोपऱ्यातली सही

"हा बाद," भाऊ म्हणाले आणि मी सगळ्यात वर ठेवलेला ड्रॉइंग पेपर त्यांनी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवला.

भाऊ म्हणजे आमच्या जळगावच्या दैनिकाचे मालक आणि संपादक. मी त्यांच्याकडे डीटीपी विभाग सांभाळत होते. छपाईसाठी शिशाचे अक्षरखिळे जुळवायचे दिवस नुकतेच संपून कॉम्प्युटर आले होते. पण मराठी फॉन्ट, म्हणजे एका वळणाच्या अक्षरांचा अख्खा संच, दोन-चारच मिळायचे. त्यामुळे सगळे पेपर जुळ्या भावांसारखे दिसायचे. भाऊंना आपली वेगळी अक्षरं हवी होती आणि कंपनीकडून करून घेणं परवडत नव्हतं. मग त्यांनी स्पर्धा काढली. हौशी अक्षरकारांनी अ ते ज्ञ काढून पाठवायचे, पहिला येईल त्याचा फॉन्ट वर्धापनदिनाच्या अंकापासून पेपरात. कागदावर नाव घालायचं नाही. ते बंद पाकिटात.

चाळीसगाव, अमळनेर, कुठून कुठून कागद आले. एकाने प्रत्येक अक्षराला केळीचं पान लावलं होतं. त्या अक्षरांत बातमी वाचायची तर वाचकाला बागेतून वाट काढावी लागली असती. एकच संच असा होता की बघताक्षणी वाचावासा वाटत होता. साधी, भरदार अक्षरं, कुठे नखरा नाही. आणि खाली उजव्या कोपऱ्यात तिरपं, बारीक: ‘हिरामण, धुळे’.

"नाव आहे. नियम म्हणजे नियम," भाऊ म्हणाले.

"भाऊ, पेंटर लोक बोर्डाच्या कोपऱ्यात सही करतात, तशी आहे ती. हात आपोआप जातो."

"म्हणजे पेंटर आहे? मग हौशी कसला? दोनदा बाद!"

भाऊंनी पसंत केला तो केळीच्या पानांचा वेलबुट्टीदार संच. पाकीट फोडलं तर नाव निलेशचं. हा साड्यांच्या एका मोठ्या व्यापाऱ्याचा पुतण्या आणि काकांची जाहिरात दर रविवारी आमच्याकडे अर्धं पान. भाऊंना आधीच ठाऊक होतं की काय, देव जाणे. मला मात्र घास गोड लागेना. बक्षीस एका संध्याकाळचं असतं, पण त्या अक्षरांत आम्हाला रोज पेपर काढायचा होता. वाचता येत नाही म्हणून लोकांनी फोन केले तर ते माझ्याच टेबलावर वाजणार होते. आणि ज्याची अक्षरं खरंच चांगली तो एका सहीपायी बाहेर बसणार होता. हे मला सहन होईना.

रविवारी पिंप्राळ्याच्या घरी कपड्यांची बादली तशीच ठेवली आणि धुळ्याची एसटी धरली. पिशवीत दोन्ही संचांच्या झेरॉक्स होत्या. तिथे जाऊन मी काय करणार होते, ते मलाही सांगता आलं नसतं.

धुळ्यात विचारत विचारत गेले, तर हिरामण शिडीवर होता, पिठाच्या गिरणीचा बोर्ड रंगवत. मी कोण ते आणि त्याचा संच बाद झाल्याचं सांगितलं, तर वरूनच म्हणाला, "काय चुकनं मनं?"

"सही."

"सही कऱ्याबिगर बोर्ड पुरा व्हत नही, ताई."

"आणि स्पर्धा हौशी लोकांची होती. तुमचा तर हा धंदा."

तेव्हा तो खाली उतरला. चांगलाच तापला होता. "बोर्ड मी पोटसाठे काढस. ह्या अक्षरं काढाले माले कोनी सांगेल व्हतं? बायको वरडे, तरी मी रोज काढू. हाई हौस नही ते काय शे?"

मी निलेशच्या संचाची झेरॉक्स पुढे केली. "हा पहिला आला."

त्याने पाहिलं आणि तो हसायलाच लागला. "हाई बी मनंच काम शे!"

"मग यावर सही का नाही?"

"त्याना नावसाठे पैसा लिधात ना म्या. आते ते त्यानं. पन गिऱ्हाइकनी गोट मी बाजारमा करत नही. तुम्ही बी कोनले सांगू नका."

मी शब्द दिला आणि परतीच्या एसटीत स्वतःवरच चिडले. पैसे मोजून काढून घेतलेली अक्षरं हौशी ठरली होती, हौसेनं काढलेली धंदेवाईक. आणि मला तोंड उघडायची सोय नव्हती.

पारोळ्याच्या पुढे डोकं चाललं. दुसऱ्या दिवशी भाऊंना म्हटलं, "अ ते ज्ञ एवढ्यावर फॉन्ट होत नाही. काना-मात्रा, वेलांट्या, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, आकडे, सगळं त्याच हातचं लागतं. निलेशला आठवडाभर आपल्याकडे बसू दे."

"बरोबर. बोलवा त्याला."

मी खिडकीपाशी टेबल मांडलं, ब्रश आणून ठेवले. निलेश उद्या येणार होता. मग त्याला ताप आला. मग सुरतला कुणाचं तरी लग्न निघालं. वर्धापनदिन जवळ येत चालला आणि माझी स्कॅनर ते खिडकी अशी येरझार सुरू झाली. मीच रचलेलं, पण धड काहीच झालं नाही तर मान माझी होती. शेवटी काकांचाच फोन आला. पोराला परीक्षा आहे, यातून मोकळं करा.

भाऊंनी फोन ठेवला आणि माझ्याकडे रोखून पाहिलं. "बाई, तुम्हाला काही माहीत आहे?"

"वर्धापनदिन तोंडावर आलाय, एवढं माहीत आहे."

भाऊ कच्चे नव्हते. म्हणाले, "बोलवा तुमच्या त्या धुळेवाल्याला."

हिरामण आला, मांडी घालून बसला आणि कागदामागून कागद काढत गेला. आम्ही ते स्कॅन करून एकेक अक्षर कीबोर्डच्या एकेका कीवर बसवत होतो. काम संपलं तेव्हा तो म्हणाला, "आते सही कोठे करू?"

फॉन्टला कोपरा नसतो हे त्याला पटेना. मी एक रिकामी की शोधली, तिच्यावर त्याची सही बसवली आणि ऑपरेटर मुलींना बजावलं की इथे बोट लावायचं नाही. पहिलं बक्षीस त्यालाच मिळालं. बक्षीस समारंभाच्या कापडी फलकावरचा ‘हौशी’ शब्द भाऊंनी पांढरा करायला लावला. तो रंगही हिरामणनेच मारला.

वर्धापनदिनाचा अंक घेऊन भाऊ सकाळीच माझ्या टेबलापाशी उभे राहिले. पहिल्या पानावर त्यांचा अग्रलेख आणि त्याच्या शेवटी, उजव्या कोपऱ्यात, तिरपं, बारीक: ‘हिरामण, धुळे’. कुणाचं तरी बोट चुकलं होतं.

"लिहिलं मी आणि सही त्याची?"

"नाव दिसलं की बाद, असा आपला नियम आहे भाऊ. अंक बाद करायचा का?"

भाऊ अंकाची घडी घालून केबिनमध्ये गेले. दुपारी धुळ्याहून फोन आला. "ताई, आते बोर्ड पुरा व्हई गया!"

पुढे अनेक स्पर्धांच्या नियमावल्या माझ्या हाताखालून छापून गेल्या. हौशी कोण आणि धंदेवाईक कोण, यावर प्रत्येकीत एक परिच्छेद असायचाच. मला ठरवायला बसवलं तर मी माणसाला एवढंच विचारीन: बाबा रे, तू सही कशावर करतोस?