कांताबाईचे शेवाळ

२३ नोव्हेंबर २०२३, गुरुवार. कार्तिकी एकादशी. पहाटे गारवा. नळाला पाणी सात वाजता. सेलूकडच्या तलावावर सरकारी गाडी आली. कांताबाईच्या वेलांवर संक्रांत.

कांताबाई साठीची. ट्रॅक्टरच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून तीस वर्षे ती या तलावात शिंगाडा लावते आणि काढते. अर्धे आयुष्य या पाण्यात गेले, पण पाणी बिघडले आहे हे तिला आज त्या गाडीतून उतरलेल्या अनुप साहेबांकडून कळले. साहेबांना ते उपग्रहाकडून कळले होते. उपग्रह पावणेआठशे किलोमीटरवरून तलाव बघतो, त्याचा हिरवेपणा मोजतो आणि हिरवे फार झाले की शेवाळ माजले असे धरून चालतो. साहेबांच्या टॅबवर अख्खा तलाव लालभडक होता. उपाय ठरलेला: आठ दिवसांत सगळे हिरवे उपसून टाकायचे. म्हणजे कांताबाईचे ऐन काढणीतले पीक.

"साहेब, हे शेवाळ नाई. शिंगाड्याचे वेल होय."

"बाई, उपग्रह खोटं बोलत नाही."

"त्यानं कधी शिंगाडा खाल्ला काय? मंग त्याले काय समजते."

साहेब काठावरून हलले नाहीत. बूट नवे होते. शिवाय बाटलीत पाणी भरून तपासणे या योजनेत बसत नव्हते; योजना वरून बघण्याची होती. ऊन चढले तसा चालकाने डबा उघडला आणि साहेबांपुढे धरला. साहेब म्हणाले, "नको, आज उपास आहे."

कांताबाईने हे ऐकले आणि टोपली घेऊन वर आली. विळ्याने एकेक शिंगाडा सोलून ती साहेबांच्या हातावर ठेवत गेली. साहेबांनी दहा खाल्ले, अकरावा हातात घेतला.

"गोड हाय ना?"

"छान आहेत. कुठून आणले?"

"तुमच्या शेवाळातून. उपासाले शेवाळ चालते ना, साहेब? नसन चालत तं तुमची एकादशी गेली बाप्पा. काय लिवून राह्यले ते पाहून लिवा."

चालकाने हसू दाबायला तोंड फिरवले. विज्ञानाच्या बाबतीत साहेब कोणाचे ऐकत नसत, पण घरी उपास विचारणारी आई होती. त्यांनी टॅबवरच्या यादीत बोट फिरवले. यादीत शेवाळ होते, जलपर्णी होती, सांडपाणी होते. माणसाने खावे असे काही नव्हते. शेवटी पेन काढून त्यांनी कागदावर लिहिले, 'शिंगाड्याचे पीक. उपसू नये. काढणीनंतर पुन्हा पाहणी.' खाली सही करून कागद कांताबाईला दिला.

काढणीनंतर वेल आपोआप सडून जातात. टॅबवरचा लाल नकाशा निळा होईल, आणि तलाव सुधारल्याचे श्रेय कार्यालय घेईल. कांताबाईला त्याचे काही वाटत नव्हते. कागद घडी करून तिने पोलक्यात खोचला आणि ट्यूब पुन्हा पाण्यात ढकलली.

संध्याकाळची नोंद: कांताबाई बोरगाव मेघेत आमच्या दारावर विकायला आली. दोन किलो शिंगाडे घेतले. कुकरला तीन शिट्ट्या पुरल्या.