सगळ्यांदेखत विचारलं

गिरणीत बसलं की गावातल्या घराघरातलं कानावर येतं. ऐकायचं आणि पिठासारखं झटकून टाकायचं, हा माझा इतक्या वर्षांचा शिरस्ता. पण त्या दिवशी ती पोरगी तांदळाचा डबा घेऊन आली आणि डबा ओतायला तिनं हात वर केला, तर तो खांद्याच्या वर जाईचना. बाही सरकली. दंडावर पट्ट्याचे वळ. काही जुने, काही ताजे. मी मोटर बंद केली. बाहेरून बाया ओरडल्या, "लाईट गेली व्हय गं?" म्हटलं, "गेली."

"कुणी मारलं?"

"पडले."

"पडून असे वळ उठतात होय गं?"

ती डब्याकडे बघत म्हणाली, "मावशी, काकांना सांगू नका."

पासलीच्या अलीकडे आमची वाडी. ही पोर तिथलीच, चौथीत जाणारी. बाप वारला, आईनं दुसरं घर केलं, आणि पोर राहिली चुलत्याच्या पदरात. चुलता गावात भला माणूस. कुणाच्याही भातलावणीला न बोलावता जाईल, मयतीला सगळ्यांच्या पुढं. त्यामुळे मी तोंड उघडलं की लोक माझ्याकडेच संशयानं बघायचे. शाळेतल्या गुरुजींना विचारलं तर म्हणाले, "ताई, वळ मीही बघितलेत. पण मी पडलो बाहेरचा माणूस, मला हितं राहायचंय." अहो, पोरीलाही इथंच राहायचंय की!

मग रीतीप्रमाणे पोलीस पाटलांच्या कानावर घातलं. ते चुलत्याच्या भावकीतले. दिवे लागायच्या आत देवळात बैठक बसली. चुलत्यानं भंडारा उचलून शपथ घेतली, की आजपासून पोरीला बोट लावणार नाही. पोरीला त्याच्या पाया पडायला लावलं. का, तर घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणली म्हणून. वर सगळ्यांना चहा. पाटील मला म्हणाले, "मिटलं बरं का, आता तुमी बी मनातनं काढून टाका."

कपाळ मिटलं! पंधरवडाही गेला नसेल, पोरगी दिसली ती कानामागं निळंजांभळं घेऊन. आता तर बोलायचीच चोरी झाली. बोललं की, "भंडारा उचललाय त्यानं, तुमचा देवावर इस्वास न्हाई का?" माझा देवावर आहे हो. पट्टा देवाच्या हातात नाही ना!

शेवटी गिरणीला कुलूप घालून मी बाहेर पडले. माझं माहेर भोर तालुक्यातल्या भोंगवलीचं, सासर वेल्ह्यातलं, त्यामुळे भोर काय नि वेल्हे काय, दोन्ही तालुक्यांतल्या कचेऱ्या मला अनोळखी नव्हत्या. सातबारा, रेशनकार्ड, वीजबिल, सगळ्यासाठी पायऱ्या झिजवलेल्या. पण मारल्या जाणाऱ्या पोरीसाठी कुठली पायरी चढायची, ते काही केल्या सापडेना. एक म्हणे, वरच्या मजल्यावर जा. वरच्या मजल्यावर म्हणे, आम्ही अंगणवाडीचं बघतो. तिसऱ्या टेबलावरचे साहेब मिटिंगला गेलेले. ते दुसऱ्या दिवशीही मिटिंगलाच. चौथ्याकडे तात्पुरता चार्ज, आणि तो बसतो दुसऱ्या तालुक्याला. तिथं गेले, तर त्यांनी वाडीचं नाव विचारलं आणि हसून सांगितलं, "अहो, तुमची वाडी आमच्यात येतच नाही."

आणि जिथं जावं तिथं पहिला प्रश्न एकच. तुम्ही मुलीच्या कोण?

"कोणी नाही. मी गिरणीवाली."

"म्हणजे नात्यातल्या नाही. नात्यातलं कुणी असेल तर घेऊन या."

"साहेब, नात्यातलाच तर मारतोय!"

त्यावर साहेबांनी फॅनचं बटण दाबलं आणि फोन कानाला लावला. मला असा राग आला, की उठताना खुर्ची मुद्दाम आपटली. तेवढंच माझ्या हातात होतं.

परतीला नसरापूरला जीपची वाट बघत उभी होते. भिंतीवर मुलांच्या मदतीचा फलक दिसला, हसरी मुलं वगैरे काढलेली. नंबर जिथं लिहिला होता, नेमकी तिथंच कुणीतरी क्लासची जाहिरात चिकटवलेली. नखानं खरवडून बघितली, निघेना. शेवटी मेडिकलमधल्या मुलीनं तिच्या मोबाईलवर नंबर शोधून लावून दिला. पलीकडची बाई सगळं ऐकून म्हणाली, "ताई, तुम्ही फोन केलात हे फार बरं केलंत. आमची माणसं येतील." मी कोण, हे तिनं विचारलंच नाही. मला तिथं वडापावच्या गाडीसमोर रडू आलं, आणि मी येऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी पोरीला शाळेच्या वाटेवर गाठलं. म्हटलं, "माणसं येणार आहेत. घाबरू नको, खरं काय ते सांग." तिनं मान डोलावली.

आणि माणसं आली! माझा तर विश्वासच बसेना. जीपमधून एक साहेब आणि एक मॅडम उतरल्या. पण पुढच्या सीटवर कोण? आमचे पोलीस पाटील. का, तर घर दाखवायला कुणीतरी हवं. मी पिठाच्या हातांनीच धावले. तोवर चुलत्यानं अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या, अर्धी वाडी गोळा झाली होती, आणि पोर मधोमध उभी. पाठीला दप्तर. शेजारी चुलता, हातात पाण्याचा तांब्या.

"बाळ, भिऊ नकोस," मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "काका मारतात का तुला?"

"न्हाई."

"मग हे कशानं लागलं?"

"पडले."

"अहो, तिला एकटीला बाजूला घ्या!" मी ओरडले. "एवढ्या जणांदेखत ती काय बोलणार?" सगळी वाडी वळून माझ्याकडे बघायला लागली. साहेब म्हणाले, "ताई, तुम्ही आमच्या कामात मध्ये येऊ नका." पोरीची सही घेतली, चुलत्यासोबत तिचा फोटो काढला, चहा घेतला आणि जीप गेली. तक्रारीत तथ्य नाही. कळलं ते मला पाटलांकडूनच, आणि सांगताना ते हसत होते.

त्यानंतर बाया दळण घेऊन माझ्याकडे येईनाशा झाल्या. येईनात का! मला संताप त्याचा नव्हता. इतकं धावले, इतक्या दारांत उभी राहिले, आणि त्या घरात पोरीची अवस्था होती त्याहून वाईट करून ठेवली.

चार दिवसांनी शाळेच्या वेळेला ती गिरणीत आली. हातात डबा नाही, काही नाही. दारातच थांबली.

"मावशी, तुमी म्हणला व्हता माणसं येत्याली. तवा म्या दप्तरात कपडे भरून ठेवले व्हते. वाटलं, आदी जीपीत बसिवत्याल, मग इचारत्याल." मग म्हणाली, "त्यांनी तितंच का इचारलं, काकांच्या म्होरं?"

दप्तर पाठीवरच होतं, फुगलेलं. ती ते अजून रिकामं न करता रोज शाळेत नेत होती.