राणीच्या शालीचे दोरे

रझाकारांच्या वर्षी आमची नाटक मंडळी जालन्यात अडकली. पुढची वाट बंद, मागचीही बंद. एका तेलाच्या गिरणीत, सरकीच्या पोत्यांमागे, आम्ही बिऱ्हाड मांडलं. मी राण्यांची कामं करायचो. तिथं मला माझ्याहून जास्त अडकलेला माणूस भेटला, मच्छिंद्र मिस्त्री.

त्याची बायको साळूबाई बाळंतपणाला माहेरी, वऱ्हाडात गेलेली. दिवस भरत आलेले. भोकरदनच्या पुढं संस्थानाची हद्द काही फार लांब नव्हती. पण नाका ओलांडायचा तर कुणा वजनदार माणसाची चिठ्ठी लागायची, आणि मच्छिंद्रचा वजनदार माणूस एकच, गिरणीचे मालक काकासाहेब. त्यांनी कुठूनशी जुनी मोटर आणली होती. ती चारशे चाळीस व्होल्टची, गिरणीचा डायनामो दोनशे वीसचा. जोडली की म्हातारीसारखी नुसती कण्हायची.

"एवढी चालव, मंग जा," काकासाहेब म्हणाले.

मच्छिंद्रनं मोटर उघडली. आतली तारेची वेटोळी एकापाठोपाठ एक जोडलेली होती. ती तोडून शेजारी शेजारी जोडली, की निम्म्या व्होल्टवर चालणार. पण सांधे बांधताना तो डोक्यावरून गोणपाट ओढून घ्यायचा. सांधा कुणाला दाखवायचा नाही, ही सिकंदराबादच्या उस्तादानं घातलेली शपथ.

"मिस्त्री, पदर तर मी घ्यायचा!" मी म्हणायचो.

गोणपाटाआडून उत्तर यायचं, "राणीसाहेब, तुम्ही चेहरा दाखवून पोट भरता, मी झाकून भरून राह्यलो."

मोटर फिरली. आम्ही भरल्या थिएटरासारख्या टाळ्या वाजवल्या. गाठोडं घेऊन तो काकासाहेबांपुढं उभा राहिला.

"आन उद्या बंद पडली तर? तुझ्या तारा दुसऱ्या कुणाला समजतात का?"

तो परत येऊन गाठोड्यावरच बसला. मग मला म्हणाला, "राणीसाहेब, रंगीत दोरे आहेत का?"

मी राणीच्या शालीची झालर उसवून दिली. दुपारच्या सुट्टीत त्यानं मोटर पुन्हा उघडली, जोडीच्या टोकांना एकेका रंगाचा दोरा बांधला आणि डायनामोच्या पट्ट्याला राळ लावणाऱ्या रामकिसनला हाक मारली. आज गोणपाट नव्हतं. आधी त्यानं स्वतःचे कान धरले. "उस्ताद, माफी." मग म्हणाला, "लालला लाल, हिरव्याला हिरवा. बराबर?"

"बिलकुल!" रामकिसननं सगळं सोडून पुन्हा जोडलं. मोटर फिरली.

काकासाहेब धावत आले, खूश! "वा रे वा! आता मिस्त्री दोन झाले. एक दिवसपाळी, एक रातपाळी. गिरणी आता थांबायचीच न्हाई."

रंगमंचावर मी पुष्कळदा मेलो आहे. पण मच्छिंद्रचा त्या क्षणीचा चेहरा मला कधी जमला नाही.

पुढं एका दुपारी फाटकात बैलगाडी थांबली. तान्ही लेक घेऊन साळूबाई उतरली. हद्दीच्या आत यायला चिठ्ठी लागत नव्हती.

"तुमाला सुटता येईना, मंग मीच आले."

त्यांना मोटरीच्या भिंतीला लागून खोली मिळाली. त्या घरघरीत पोर झोपायला शिकली.

पोलिस अॅक्शन झाली, नाके उठले. आमच्या गाड्या भरल्या. मी म्हटलं, "मिस्त्री, आता कुणाची चिठ्ठी नको. चला आमच्याबरोबर."

तो काही बोलणार तोच डायनामोचा पट्टा निसटला आणि मोटर थांबली. भिंतीआडून पोरीनं टाहो फोडला.

"थांबा थांबा, राणीसाहेब," म्हणत तो आत पळाला.

घरघर सुरू झाली. रडं थांबलं. तो मात्र बाहेर आला नाही.