आत्याचं शेवटचं तेल

आमच्या आत्याला शेवटचं तेल इतक्या वेळा लागलं की खाडीवरचा तारीसुद्धा थट्टा करायचा. पलीकडून पाद्रींना आणायला म्हणून मी धापा टाकत धक्क्यावर गेले की तो होडीतलं पाणी उपसत विचारायचा, "काय गो, आत्या परत मराक लागली?" मी म्हणायची, "तू होडी सोड आधी, मेल्या." तो गाबित, म्हणजे हिंदू कोळी, आम्ही किरिस्तांव, पण आमच्या घरच्या दुखण्याची जेवढी खबर त्याला असायची तेवढी आमच्या पाहुण्यारावळ्यांनाही नसायची.

आमच्यात माणूस जायच्या वाटेला लागलं की पाद्री येऊन त्याला आशीर्वादाचं तेल लावतात. डोळे, कान, नाक, ओठ, तळहात, पाय. जिथून जिथून माणसाच्या हातून पाप घडतं तिथे तिथे बोट टेकवायचं आणि माफी मागायची. मग तो जीव सुखाने जायला मोकळा. घरच्यांनी टेबलावर पांढरा कपडा घालायचा, खुरीस, म्हणजे क्रूस, ठेवायचा, दोन मेणबत्त्या, बशीत कापूस, आणि अर्धं लिंबू, पाद्रींना बोटांचं तेल काढायला. ही सगळी मांडामांड मी डोळे मिटून करू शकले असते. लिंबाचं झाड तर मला वाटतं आत्यासाठीच फळायचं.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण. बिनलग्नाची, जिभेची फटकळ. माझी आई मी लहान असतानाच गेली, बाबा बोटीवर, दोन-दोन वर्षं घरी नाहीत. मला वाढवलं आत्याने. मी विशीत आले तेव्हा आमच्या देवळात घाटावरच्या सिस्टर आल्या होत्या. त्यांचा मठ होता, दवाखाना होता. मी त्यांना म्हटलं, मला यायचंय. त्या बरं म्हणाल्या. मी पेटी भरली. आता म्हातारपणी खोटं कशाला बोलू, माझ्या अंगात काही फार मोठी भक्ती नव्हती. मठात घंटा झाली की उठायचं, घंटा झाली की जेवायचं, घंटा झाली की झोपायचं, कुणी कुणावर ओरडायचं नाही, हे ऐकूनच मला स्वर्ग दिसला होता.

आणि त्याच उन्हाळ्यात आत्या खळ्यात कोकमाची सोलं वाळत घालता घालता आडवी झाली. उजवं अंग गेलं. तोंड वाकडं झालं, पण बोलणं बंद होईल तर शपथ. पाद्री म्हणाले, "थोडे दिवस हिचं बघ बाये, मग जा." ते चांगल्या मनाने म्हणाले. पण थोडे दिवस म्हणजे किती हे ना त्यांना ठाऊक, ना मला, ना आत्याला.

ते चोपन्न-पंचावन्न सालचं असेल. गोवा सुटला तरी मी आत्याच्या खाटेशीच होते.

पहाटे तिची कूस बदलायची, पाठ पुसून खोबरेल लावायचं, खालचे कपडे व्हाळावर नेऊन धुवायचे. मग पेज. एक चमचा आत, अर्धा बाहेर. पेज निवली तर ओरडणार, गरम असली तर थुंकणार. पावसात कपडे वाळायचे नाहीत, मग चुलीवर दोरी बांधून सुकवायचे आणि घरभर तो वास. माझी कंबर तेव्हा गेली ती आजतागायत आली नाही. मी दमत होते. नुसती दमत नव्हते, चिडत होते. भांडी आपटायची, दारं आपटायची, रोजारीच्या माळेचा मणी असा ओढायची की दोरा तुटायचा. एकदा पाद्री म्हणाले, "हाच तुझा मठ समज." मी म्हटलं, "फादर, मठात रात्री झोपू देतात." त्यांनी टोपी उचलली आणि धक्क्याची वाट धरली. बरंच केलं.

दर पावसाळ्यात आत्याच्या छातीत कफ भरायचा. श्वास घरघरायचा, नखं निळी पडायची. मग धक्का, तारी, होडी, पाद्री, मेणबत्त्या, लिंबू. शेजारच्या बायका गुडघ्यांवर बसून रडून घ्यायच्या. आणि तिसऱ्या दिवशी आत्या एक डोळा उघडून विचारायची, "तिखला आसा?" बांगड्याचं तिखलं! जिला आम्ही देवाच्या हाती सोपवलं होतं तिला बांगडा हवा! मी चुलीशी जाऊन फुंकणीने फुंकत रडायची. ती उठली म्हणून आनंदाने रडत होते की माझं कर्म म्हणून रडत होते, ते मला विचारू नका.

अशी वर्षं गेली. केव्हातरी भांडी आपटायची बंद झाली. नेमकी केव्हा ते मला कळलं नाही. दर शनिवारी मी कुमसाराला, म्हणजे पापं सांगायला, जायची आणि पहिलं पाप ठरलेलं, आत्यावर रागावले. एका शनिवारी मी बाकीचं सगळं सांगितलं आणि थांबले. जाळीपलीकडून पाद्री म्हणाले, "आणि आत्या?" मी आठवून बघितलं. त्या आठवड्यात काही नव्हतं. मी म्हटलं, "दमले असेन फादर, रागवायलाही अंगात बळ लागतं." ते हसल्यासारखं वाटलं.

मग तो मे महिना आला. घाटावरच्या म्हाताऱ्या सिस्टर मालवणात आल्या होत्या, दरवर्षी यायच्या आणि दरवर्षी मला विचारायच्या. ह्या खेपेला त्या आमच्या घरी आल्या, खाटेशेजारी बसल्या आणि मला स्पष्ट म्हणाल्या की वयाचा नियम आहे, ह्या खेपेला आलीस तर आलीस, पुढच्या वर्षी आम्हाला घेता येणार नाही. आठवडाभर त्या मालवणात होत्या. त्या हे बोलत होत्या तेव्हा आत्या भिंतीकडे तोंड करून पडली होती. मला वाटलं, झोपली आहे.

त्याच आठवड्यात आत्याने खाणं सोडलं. छातीत घरघर सुरू झाली, पाऊस नसताना. डॉक्टर येऊन मान हलवून गेले. मी धक्क्यावर गेले तेव्हा तारीने माझं तोंड बघितलं आणि मी सांगायच्या आधीच होडी सोडली. दुपारची भरती होती. पाद्री आले, मेणबत्त्या लावल्या, तेलाची डबी उघडली, आणि आत्याने ओठ घट्ट मिटून घेतले. चांगल्या हाताची मूठ वळली.

"काय झालं आते?" मी विचारलं.

"माका नको ता तेल."

पाद्री दचकले. म्हणाले, नको म्हणणाऱ्याला मी बळेच लावू शकत नाही. शेजारणी एकमेकींकडे बघायला लागल्या. किरिस्तांव माणूस शेवटचं तेल नाकारतं? मी खाली वाकले. आत्या माझ्या कानाशी कशीबशी बोलली, "त्या तेलान मी परत उठतंय गो. दर खेपेक उठतंय. तुका जावचा आसा. ती सिस्टर आसा तोपर्यंत माका जाऊंदे."

देवा रे! काय म्हणू? अंग धड होतं तोवर देवळातली एक मिस्सा न चुकवलेली बाई. तेल न घेता मेलं तर आपल्या जिवाचं काय होईल ह्याची तिला माझ्यापेक्षा जास्त धास्ती होती. आणि ती ते सोडायला निघाली होती, मला एसटीत बसता यावं म्हणून. खरं सांगते, तेलाने ती उठते हे मलाही मनातून वाटायचं. पाद्रींनी हजारदा सांगितलं असेल की तसा नेम नाही. पण आम्ही डोळ्यांनी बघितलं होतं. म्हणजे तेल लागलं तर माझा मठ गेला. मला फक्त गप्प बसायचं होतं. कुणी मला नावं ठेवली नसती.

मला राग आला. बऱ्याच दिवसांनी आला. "आते," मी म्हटलं, "तू तेल न घेता गेलंस तर मी मठात बसान जलमभर तुझ्याच नावान रडत ऱ्हवतलंय. माका ता नको. त्यापेक्षा तुझी पेज बरी. मूठ सोड."

"सोडूचंय नाय."

"सोड म्हणतंय ना!"

पाद्री डबी धरून उभेच. मी खाटेवर बसले आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं, लहानपणी ती माझं घ्यायची तसं. केसांवरून हात फिरवत राहिले. मग हळूच म्हटलं, "आते, माका खंय जावचा नाय." तिने एका डोळ्याने माझ्याकडे बघितलं. मग बोटं सैल झाली. मी तिचा तळहात उघडून पाद्रींसमोर धरला.

सिस्टर ठरल्या दिवशी गेल्या. मी निरोप द्यायला स्टँडवर गेले नाही, आत्याला सोडून जाण्यासारखं नव्हतं. मठासाठी भरलेल्या पेटीतले पांढरे कपडे काढले आणि तिच्या अंगाखाली घातले, चांगलं मऊ कापड होतं.

तेल लागल्यापासून तिसऱ्या दिवशी सकाळी मी आत्याची पाठ पुसत होते. घरघर थांबली होती. आत्याने डोळा उघडला, माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा रागाने लाल झाला.

"बघ!" ती म्हणाली. "सांगी होतंय नाय तुका?"

आणि ती रडायला लागली, तिच्याबरोबर मीही. बाहेर मासेवाली हाका मारत होती.

"गप ऱ्हव," मी तिचे डोळे पुसत म्हटलं. "बांगडे इलेत."