रुमालाविना सौदा

बैलबाजारात सौदा तोंडानं होत नाही. घेणारा आणि विकणारा रुमालाखाली एकमेकांचे हात धरतात, बोटं दाबून आकडा सांगतात, आणि भोवतीच्या लोकांना कळायच्या आत व्यवहार पुरा होतो. कराडच्या बाजारात मी मिसरूड फुटायच्या आधीपासून दलाली केली. कुणाचा हात डोक्यावर नव्हता, कुणाची शिफारस नव्हती. समोरच्याच्या बोटांवरून त्याची नड ओळखायला मी शिकलो आणि त्यावरच जीप घेतली, आईसाठी पक्कं घर बांधलं.

त्यामुळे फादर व्हायचं मनानं घेतलं तेव्हा धर्मप्रांतही मी तसाच निवडायला निघालो. चार ठिकाणी बघायचं, दात तपासायचे, मग हात पुढं करायचा. धर्मप्रांत म्हणजे एका बिशपांचा मुलूख. तिथले फादर झालात की बिशप पाठवतील त्या गावी जायचं, आणि शेवटची मातीही बहुतेक तिथलीच. बैल पटला नाही तर पुढच्या बाजारी विकता येतो. इथं ती सोय नव्हती.

एक मात्र पक्कं होतं. आमचा धर्मप्रांत मला नको होता.

माझे वडील कोयनानगरच्या वसाहतीत राहिले आणि तिथंच गेले. आजोबा धरणाच्या कामावर गवंडी म्हणून आले होते, तेव्हापासूनची आमची वस्ती. तिथलं चॅपल म्हणजे पत्र्याची एक खोली. महिन्यातून एकदा कराडहून फादर मिस्सेला, म्हणजे सामुदायिक उपासनेला यायचे, आणि त्याआधी वडील ती खोली झाडून, पुसून, कंदिलाची काच लखलखीत करून ठेवायचे. त्या माणसाच्या मातीला फादर आले नाहीत. दिवस कलेपर्यंत वाट पाहिली. शेवटी आईनं प्रार्थना म्हटल्या आणि आम्ही पेटी खाली सोडली. दुसऱ्या दिवशी फादर आले, तेव्हा मी त्यांना उंबरा ओलांडू दिला नाही. "आता काय बघायला आलाय?" म्हणालो आणि दार लावलं.

म्हणून मी समुद्राकाठच्या एका धर्मप्रांतात गेलो. तिथं एकेका चर्चला दोन-दोन, तीन-तीन फादर. कुणी गेलं तर घंटा वाजायच्या आत फादर दारात. सेमिनरीसाठी, म्हणजे फादर घडवणाऱ्या शाळेसाठी, मुलं पारखणारे तिथले फादर मला जेवायला घेऊन बसले. माशाचं कालवण वाढता वाढता त्यांनी विचारलं, "इकडंच का यायचंय तुम्हाला?"

"आमच्याकडं मेलेल्या माणसालासुद्धा फादर मिळत नाही."

"मग तिकडं एक वाढला तर काय बिघडेल?"

माझं डोकं सटकलं. "मी गिऱ्हाईक म्हणून आलोय. मला परत पाठवायचं असेल तर सरळ सांगा."

ते हसले. "परत नाही पाठवत. पण तुमच्या फादरांचं पत्र लागेल. ते आणा, मग बोलू."

ज्याच्या तोंडावर दार लावलं, त्याच्याच दारात उभं राहायची वेळ आली. कराडला गेलो तर फादर अंगणात बसले होते, हात ग्रीसनं काळे, समोर मोटारसायकल उघडून पडलेली. मी पत्र मागितलं. कशासाठी ते ऐकल्यावर त्यांनी मान हलवली.

"देतो. पण आज मला आटपाडीकडं मिस्सेला पोचायचंय, आणि उद्या सांगलीत एका नव्या फादरांचा दीक्षाविधी आहे. गाडी तर ही अशी. तुमची जीप आहे ना?"

"म्हणजे पत्राच्या बदल्यात जीप?"

"तसं समजा."

सौदा मला समजतो. मी जीप काढली.

आटपाडीच्या पुढं माळावर ख्रिस्ती लोकांची थोडी घरं आहेत. पोचलो तेव्हा एक म्हातारी काठी टेकत पुढं आली. "आवं फादर, लय दिसानं आलासा! आमच्या मातीला तरी येनार न्हवं?"

माझा हात जीपच्या दारावर तसाच राहिला. फादर मात्र तिच्याच बोलीत म्हणाले, "येतो की आज्जी. निस्तं आदी सांगून मर, म्हंजे निघायला बरं."

"सांगून मराया मी काय सरकारी सायेब हाय व्हय?" बायका खळखळून हसल्या. मग तिनं मला न्याहाळलं. "ह्यो कोन? नवा फादर?"

"न्हाई आज्जी," फादर म्हणाले. "बैलांचा दलाल."

"मग ह्यांला एक बैल तरी बघून दे की, बाबा. त्या फटफटीपरीस लवकर पोचतील."

लोखंडी पेटीवर पांढरं कापड अंथरून मिस्सा झाली. म्हातारी सगळ्यांच्या वर सूर लावून गात होती. परतताना फादर म्हणाले, "तुमचे वडील गेले तेव्हा मी इथंच होतो. त्या आज्जीच्या मालकाला माती द्यायला. दोन मयती, आणि मी एकटा."

"मग तेव्हा सांगितलं का नाही?"

"दार लागलं होतं."

मी गिअर उगाच जोरात टाकला.

दुसऱ्या दिवशी सांगलीत शाळेच्या पटांगणात मंडप भरला होता. दीक्षा घेणारा तरुण बिशपांसमोर गुडघ्यावर बसला, हात जोडले आणि ते जोडलेले हात बिशपांच्या हातांत दिले. बिशपांनी आज्ञापालनाचं वचन विचारलं, त्यानं दिलं. सवयीनं माझी नजर बोटांवर गेली. कुणाचंही बोट हललं नाही. वर रुमाल नव्हता. कुठं पाठवणार, काय मिळणार, काही ठरलं नव्हतं, आणि पटांगणभर माणसं ते बघत होती. इतक्या सौद्यांत असा हात मी पाहिला नव्हता. आणि मला तो हवासा वाटला.

चहाच्या वेळी फादरांनी खिशातून कागद काढला. "कुठल्या बिशपांच्या नावे लिहू?"

"इथल्याच." मग राहवलं नाही. "पण कोयनेचं चॅपल मलाच मिळालं पाहिजे."

"आधी रुमाल काढा हातावरचा," फादर म्हणाले. बैलबाजार त्यांनीही पाहिलेला होता.

बिशपांसमोर बसलो तेव्हा मी स्वतःसाठी काही मागितलं नाही. पण तोंडही बंद ठेवलं नाही. "कोयनेला ज्यांना पाठवाल त्यांना सुरू होणारी गाडी द्या," म्हणालो.

बिशप हसले. "आधी सेमिनरीत तर या."

"आधी गाडी."

त्यांनी माझ्याकडं रोखून पाहिलं. "तुमच्याकडं जीप आहे म्हणे."

पहिल्यांदाच मी सौद्यात हरलो. जीप कराडला फादरांच्या अंगणात लावून सेमिनरीत आलो.

परवा आईचा फोन आला. फादर मिस्सेला इतक्या लवकर पोचले की तिचं चॅपल झाडूनसुद्धा झालं नव्हतं. "मग त्यांनीच घेतला झाडू हातात," ती सांगत होती, आणि तिचा आवाज खूप दिवसांनी मोकळा वाटला.

राग पुरता गेलाय असं मी म्हणणार नाही. "त्यांना सांग," मी म्हणालो, "जीप माझी आहे. आता उशिराला कारण चालायचं नाही. आणि कंदिलाची काचही पुसायची असते म्हणावं."