सहापर्यंत गुडघ्यावर

प्रतिक्षा रामटेके पवनीच्या सेतू केंद्रात दाखल्यांच्या खिडकीवर बसते. वय तेवीस. खिडकी उघडण्याआधी रोज सकाळी दोन तास ती तालुका क्रीडा संकुलाच्या शेडमध्ये असते, कारण ती चोपन्न किलो गटात मुष्टियुद्ध खेळते. राज्य स्पर्धेत तिला पदक मिळालं हे आता बाजारातल्या भाजीवाल्यालाही माहीत आहे. त्याच्या आदल्या वर्षी काय झालं होतं, ते मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

त्या वर्षी विभागीय स्पर्धेत ती पुढे होती. दुसऱ्या फेरीत समोरच्या मुलीचा डावा ठोसा तिच्या उजव्या बरगड्यांखाली, बरोबर यकृतावर बसला. असा ठोसा लागला की श्वासच थांबतो आणि पाय आपले राहत नाहीत. डोक्याला मात्र मार नव्हता, त्यामुळे तिला सगळं समजत होतं. एक गुडघा जमिनीला लावला की समोरच्याला मारता येत नाही, पंच त्याला बाजूला पाठवून आठपर्यंत मोजतात, आणि तेवढ्यात श्वास परत येतो. हा नियम तिला पाठ होता.

तरी गुडघा वाकला नाही. टेकला तर फेरी जाईल, असं आधी वाटलं. मग वाटलं पंच लढतच थांबवतील, मग वाटलं आपल्याला लागलंय हे समोरचीला कळेल, आणि शेवटी वाटलं की अजून एक श्वास घेतला तर हे जाईल. एवढा हिशेब होईतो आणखी पाच ठोसे बसले. पंचांनी लढत थांबवली तेव्हा ती रिंगच्या दोराला टेकून उभीच होती, आणि एक बरगडी मोडली होती.

तिचे प्रशिक्षक अश्विन मेश्राम पवनीतच पोलीस शिपाई आहेत. आठवड्याभराने ते घरी आले. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, आणि मग त्यांनी सरळ विचारलं, "गुडघा काहून नाही टेकला?"

प्रतिक्षाने ते फेरीचं, गुणांचं सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. तेव्हा तिला खरं बोलावं लागलं. तिचे आजोबा छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आले, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पाटलाच्या ओसरीपुढे वाकणं बंद केलं. त्यापायी दोन वर्षं गावात कोणी काम दिलं नाही. ही गोष्ट ती वडिलांच्या तोंडून शंभरदा ऐकत मोठी झाली होती. आपल्या घरात कोणी गुडघे टेकत नाही, हे वाक्य तिला त्या दोरापाशी ऐकू आलं होतं.

तिचे वडील हिरालाल दारात बसले होते. राईस मिलमध्ये ते हमाली करतात. त्यांनी मान वर केली नाही, पण बोलले.

"बाई, मी तीस वर्षं झाले पोते उचलून राहिलो. पाठीवर पोतं असताना तोल गेला तं मी गुडघा टेकतो. श्वास घेतो अन् उठतो. आमच्या मिलमधल्या यादोरावनं नाही टेकला. चार माणसं पाहून राहिले होते ना. त्याची पाठ गेली, आता खाटेवर बसून राहते."

"पण आजोबा..."

"बुढ्यानं माणसापुढे वाकणं सोडलं. हे तं ओझं आहे."

सरांनी कप खाली ठेवला, आणि बरगडी जुळली की शेडमध्ये ये, असं सांगून गेले.

सरांचं म्हणणं असं, की मार बसल्यावर ठरवायला गेलं तर उशीरच होतो, म्हणून ते आधीच ठरलेलं पाहिजे. मग सराव चालू असताना ते अचानक म्हणायचे, "टेक." तिने लगेच गुडघा लावायचा, सहा आकड्यांपर्यंत खालीच थांबायचं, सातला उठायचं, आठला हात वर. पहिल्या महिन्यात गुडघा अर्ध्यावर अडकायचा. शेडमधल्या मुली हसायच्या, कधी ती स्वतःही हसायची. धान कापणीला आलं तोवर गुडघा तिला न विचारता जमिनीला लागू लागला.

राज्य स्पर्धेत उपउपांत्य लढतीत टीना नावाची उंच मुलगी समोर आली. पहिली फेरी प्रतिक्षाची. दुसऱ्या फेरीत तोच ठोसा, त्याच जागी. ती खाली गेली. मागून कोणीतरी "हारली" म्हणाला, ते तिला नीट ऐकू आलं. पंच मोजत होते. तिसऱ्या आकड्याला श्वास आत आला, पाचव्याला पोटातली कळ सैल झाली. सहापर्यंत ती थांबली. सातला उठली आणि उरलेली फेरी लांब राहून काढली. ती फेरी गेलीच. तिसरीत मात्र ही आता संपली असं समजून टीना बिनधास्त जवळ येऊ लागली, आणि प्रतिक्षाचा सरळ उजवा ठोसा तिला पुन्हा पुन्हा लागला. रिंगबाहेर बसून गुण देणाऱ्या पाचपैकी तीन पंचांनी प्रतिक्षाला विजयी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी उपांत्य फेरीत ती हरली. एकदाही खाली गेली नाही, समोरची सरळ सरळ चांगली होती. कांस्यपदक घेऊन ती पवनीला आली.

आई मालनबाईंनी मोबाइलवर टीनाची लढत पाहायला घेतली होती, पण पोरगी खाली बसलेली दिसताच फोन पालथा ठेवला होता. प्रतिक्षाने त्यांना शेजारी बसवून पुढचं दाखवलं. मालनबाईंनी ते तीनदा पाहिलं. हिरालाल एकदाच पाहून म्हणाले की उठली चांगली, पण लागायलाच नको होतं.

ते तिलाही पटलं. सध्या शेडमध्ये ती उजवं कोपर बरगडीला चिकटून ठेवायची सवय लावते आहे. पुढच्या मोसमात तो ठोसा आतच येणार नाही, असं ती म्हणते, आणि ज्या सुरात म्हणते त्यावरून ते खरं वाटतं.