घरचा दगड

परदेशात शिकायला गेलेल्या माणसाची सुट्टीच्या दिवशी किल्ल्यांपासून सुटका नसते. मी स्कॉटलंडमध्ये जंगलशास्त्र शिकत होतो, सरकारी शिष्यवृत्तीवर. वर्गात आम्ही चौघे एकमेकांना धरून असायचो. मी चांदा जिल्ह्यातला, एक सिलोनचा, एक आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टचा, आणि चौथा तिथलाच, एका मेंढपाळाचा मुलगा. या चौथ्याला आपला देश आम्हाला दाखवायची भारी हौस. त्याच्या काकाची एक खटारा मोटार होती. शनिवार उजाडला की तो ती घेऊन दारात हजर.

किल्ले पाहून पाहून माझे पाय मोडून येत, आणि खरं सांगायचं तर ते किल्ले मला मेलेले वाटत. आमच्या चांद्याच्या परकोटाच्या आत अख्खं शहर नांदतं. जटपुरा वेशीतून बैलगाड्या येतात-जातात, सावलीला कोणी दाढी करत बसतं, बाया भिंतीला गोवऱ्या थापतात. इथं तिकीट काढायचं, दोरीच्या अलीकडे उभं राहायचं आणि राजाचा पलंग पाहायचा. हे मी बोलून दाखवलं की सिलोनवाला म्हणे, "याच्या गावचं सगळंच मोठं. वाघसुद्धा." मग वाघाचा विषय निघे. तू वाघ पाहिलास का, किती जवळून पाहिलास, भीती वाटली का. मी हसून वेळ मारून नेई. माझ्या थोरल्या भावाला वाघानं नेलं होतं, हे मी तिथं कोणालाही सांगितलं नव्हतं.

आमचं गाव पोंभुर्ण्याच्या बाजूला, धानाच्या बांध्या संपून जंगल सुरू होतं तिथं. वडील लवकर गेले. शेती भाऊच पाही. मी नागपूरला कॉलेजात होतो तेव्हाची गोष्ट. मोहाच्या दिवसांत भाऊ पहाटे फुलं वेचायला गेला तो परतला नाही. लोक शोधायला गेले तर टोपली निम्मी भरलेली, कुऱ्हाड झाडाला टेकवलेली, आणि एक वहाण. मागावर माणसं नाल्यापर्यंत गेली. पुढे खडक लागला, तिथं माग बुजला. मी नागपूरहून आलो तोवर चार-पाच दिवस उलटले होते. हाड नाही, कपडा नाही, काहीच मिळालं नाही.

आमच्याकडे वाघानं माणूस मारला त्या जागी दगड टाकायची रीत आहे. वाटेनं जाणारा कोणीही असो, ओळखीचा की अनोळखी, एक दगड टाकतो आणि पुढे जातो. दगड नसला तर हिरवी डहाळी टाकतो. असा ढीग वाढत जातो. पण वाटेवरच्याचा दगड वेगळा आणि घरच्याचा वेगळा. ज्याचं प्रेत मिळत नाही, त्याला घरच्यानं टाकलेला दगड हीच माती. तो पडला की माणूस मेला. तो पडेपर्यंत गाव काहीही म्हणो, घरात तो मेलेला नसतो.

मायनं दगड टाकला नाही. मलाही टाकू दिला नाही. "ज्याचं काई भेटलंच नाई, त्याले मेला काऊन म्हनाव?" एवढंच ती म्हणे. भाऊ ज्यावर कुऱ्हाड पाजवायचा तो लांबट काळा दगड दाराशी पडलेला असे. त्यावर ती कोणाला विळासुद्धा घासू देत नसे. भाऊची टोपली सापडली त्या वळणावर वाटेवरच्यांच्या दगडांचा ढीग झाला होता, आणि पोंभुर्ण्याच्या बाजाराची सरळ वाट त्या ढिगावरूनच जाते. माय ती वाट सोडून बांध्यांवरून, नाल्यातून वळसा घालून जाई. पावसाळ्यात गुडघाभर चिखलातून जाई, पण त्या वळणावर पाय ठेवत नसे.

आणि घरात वहिनी होती. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती, मूल नव्हतं. आमच्यात विधवेचा पाट लागतो, म्हणजे दुसरं लग्न होतं, त्यात कोणी वावगं मानत नाही. तिचं माहेर चिमूरकडचं. दरवर्षी धान घरात आलं की तिचा भाऊ येई, ओट्यावर बसे, आणि चहा झाल्यावर हळूच विषय काढी. तिकडे एक माणूस होता, बायको गेलेली, शेतीवाडी बरी, वहिनीला मानानं न्यायला तयार. वहिनी खाली पाहून म्हणे, "मायले इचारा." माय म्हणे, "माया पोरगा येईन तं त्याले का सांगू?" मग तिचा भाऊ गाडी जुंपून निघून जाई. वहिनी कुंकू लावून, हातात बांगड्या घालून आमच्या घरी राबत राहिली. तिला नवरा नव्हता आणि ती विधवाही नव्हती. मला तिच्याकडे पाहवत नसे. मायवर रागावं तर तेही जमत नसे.

मी परदेशी निघालो तेव्हा मायनं एकच गोष्ट विचारली.

"तिथी वाघ हाय का?"

"नाई माय. त्या देशात वाघ नाईच."

"मंग जा," ती म्हणाली. "पन वापस येजो."

तर एका शनिवारी मेंढपाळाच्या मुलानं आम्हाला किल्ल्यावर न नेता एका जुन्या रणमैदानावर नेलं. दोनशे वर्षांपूर्वी तिथं लढाई झाली होती आणि त्याच्या बाजूचे लोक हरले होते. मैदान म्हणजे नुसतं ओलं माळरान. गुडघ्याएवढी जांभळट झुडपं आणि अंगातून आरपार जाणारा वारा. पाहायला काही नाही म्हणून सिलोनवाला कुरकुरत होता. चालत चालत आम्ही एका वळणावर आलो आणि समोर दगडांचा ढीग होता. लहान-मोठे, शेवाळलेले, काही कालपरवा टाकल्यासारखे कोरडे. पाटी नव्हती, दोरी नव्हती.

माझे पाय जागीच थांबले. चांदा जिल्ह्यातला कोणताही माणूस थांबला असता.

"इथं येणारा माणूस मेलेल्यांच्या नावानं एक दगड टाकतो," मेंढपाळाचा मुलगा म्हणाला. "तुम्हीही टाका."

त्यानं टाकला. सिलोनवाल्यानं टाकला. गोल्ड कोस्टवाल्यानं आधी डोक्यावरची टोपी काढली, मग टाकला. मी तसाच उभा.

"अरे, यात देवाधर्माचं काही नाही," मेंढपाळाचा मुलगा म्हणाला.

"यांची प्रेतं मिळाली होती का?" मी विचारलं.

"सगळ्यांची कुठली? पुष्कळ जण कोण होते, कुठल्या गावचे होते, तेही कळलं नाही. घरचे वाट पाहत बसले असतील."

मी वाकलो. ठरवून वाकलो असं नाही. हाताला एक ओला दगड लागला, तो उचलला आणि मनातल्या मनात भाऊला हाक मारली. दगड ढिगावर जाऊन ठक्कन बसला. तो आवाज कानावर पडला आणि मला कळलं की मी वाटेवरच्याचा दगड टाकलेला नाही. भावाच्या नावानं भावानं टाकलेला दगड वाटेवरच्याचा कसा होईल? इतकी वर्षं घरानं धरून ठेवलेला माणूस मी तिथं, त्या परक्या माळावर, सोडून दिला होता.

मी ओल्या गवतात बसलो आणि रडलो. मग त्यांना सगळं सांगितलं. सिलोनवाला दुसरीकडे तोंड करून उभा राहिला. गोल्ड कोस्टवाला माझ्या शेजारी बसला, थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि माझी बोटं धरून ते झाकण त्यांत दिलं. त्यानंतर वाघाचा विषय कोणी काढला नाही.

शिक्षण संपवून मी घरी आलो. गेलो तेव्हा आमचा जिल्हा मध्य प्रदेशात होता, आलो तेव्हा मुंबई राज्यात. घरात मात्र काही बदललं नव्हतं. वहिनीनं पायावर पाणी घातलं. तिच्या कपाळावर कुंकू होतं आणि कानशिलाशी एक-दोन केस पांढरे झाले होते. काळा दगड दाराशी तिथंच होता.

दुपारी माय सूप घेऊन लाखोळीची डाळ पाखडत बसली.

"सांग आता," ती म्हणाली. "काय काय पाह्यलं तिथी?"

मी बोट सांगितली, बर्फ सांगितला, राजाचा पलंग सांगितला. पलंगाला ती हसली. मग मी ढिगाचं सांगितलं. लपवायचं असं मनात कधी नव्हतंच. तिला कसं सांगायचं याचाच विचार बोटीवर दिवसदिवस केला होता.

"तिथीबी टाकतेत?" मायला नवल वाटलं.

"टाकतेत. मीबी टाकला."

"कोनाच्या नावानं?"

"भाऊच्या."

सूप थांबलं. आत वहिनी भांडी घासत होती, तोही आवाज थांबला. आता माय ओरडेल, नाहीतर मला घराबाहेर काढेल, असं वाटलं.

"कोनाचा ढीग होता तो?" तिनं हळू विचारलं.

"लढाईत मेलेल्या लोकाइचा."

"आपल्या इकडचं कोनी हाय त्यात?"

"नाई."

"त्याची बोली समजते तिथी कोनाले?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"माया लेकराले तू परक्या लोकात ठेवून आला," माय म्हणाली. "समुद्रापार. थंडीत."

आणि माय रडली. भाऊ गेल्यापासून तिला रडताना मी पाहिलं नव्हतं. मेला नाही त्याच्यासाठी रडायचं कसं, म्हणून ती रडली नव्हती. वहिनी ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. माय, तो नुसता दगड होता, असं काहीतरी मी म्हणालो. पुस्तकं शिकलेला माणूस असल्या वेळी असलंच बोलतो.

"दगड का असते ते मले सांगू नको," ती म्हणाली. तिनं पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, "त्याले घरी आनाले पाह्यजे."

सकाळी तिनं दाराशी पडलेला काळा दगड उचलला. जड होता. मी हात लावायला गेलो तर म्हणाली, "तू तुया टाकला." मग तिनं वहिनीला हाक मारली. "धर एका बाजूनं."

"मी?" वहिनी म्हणाली.

"मंग कोन? तुया नवरा हाय."

दोघींनी तो दगड मधे धरून नेला, सरळ वाटेनं. मी मागून चालत होतो. ढीग आता माझ्या कमरेएवढा झाला होता. माय पहिल्यांदाच तो पाहत होती. एवढे दगड कोणी कोणी टाकले असतील, हे ती पाहत राहिली. मग दोघींनी वाकून काळा दगड त्यावर ठेवला. टाकला नाही, ठेवला. मायनं त्यावरून हात फिरवला, तापातल्या पोराच्या कपाळावरून फिरवतात तसा.

"आला का आता?" तिनं मला विचारलं. परदेश पाहून आलेला मीच होतो ना.

"आला, माय," मी म्हणालो. आजही मी तेच म्हणेन.

धान घरात आलं तेव्हा वहिनीचा भाऊ आला. या खेपेला त्याला विषय काढावा लागला नाही. मायनंच काढला. वहिनी माहेरी निघाली, तिथून तिचा पाट लागायचा होता. मायनं तिला नवं लुगडं नेसवलं आणि गाडीबरोबर चालत वळणापर्यंत आली. मीही होतो. तिथं मायनं गाडी थांबवली, वाटेवरचा एक लहानसा दगड उचलला आणि वहिनीच्या हातात दिला.

"घरचा टाकला तुनं," माय म्हणाली. "आता हा वाटेवरच्याचा टाक."

वहिनीनं तो मुठीत घट्ट धरला. टाकवत नव्हता तिला. माय तिच्याकडे न पाहता उभी राहिली. मग तो पडल्याचा आवाज आला आणि गाडी हलली.

माय थोडा वेळ ढिगापाशी बसली. उठली तेव्हा त्याच सरळ वाटेनं बाजाराच्या दिशेनं निघाली. मीठ संपलं होतं.